एक प्रिंटर, घरभर कॉम्प्युटर

आतल्या खोलीत कोणीतरी माउसचं बटण दाबायचं आणि बाहेर हॉलमधल्या टेबलावर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दचकून जागा व्हायचा. आधी हेड एकदा डावीकडे जाऊन यायचं, क्षणभर शांतता, आणि मग चर्रर्र... चर्रर्र. कागदाच्या दोन्ही कडांना भोकाभोकांच्या पट्ट्या असत. त्या फाडायचा मान कुणाचा, यावरून आमच्याकडे पोरांची भांडणं लागत. दोन कॉम्प्युटर, एक विंडोज ९८चा आणि एक एक्सपीचा. मधे भिंत, भिंतीला ड्रिलने पाडलेलं भोक आणि त्यातून ओवलेली निळी केबल. आतून पाठवलेलं सोसायटीच्या मेंटेनन्सचं बिल पहिल्यांदा बाहेर छापून निघालं तेव्हा सगळं घर प्रिंटरभोवती गोळा झालं होतं.

त्या दिवसापासून मी या विषयातल्या गमतीजमती गोळा करतो आहे. आणि जितकं खोल जावं तितकं एकच दिसतं: कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची ओढ माणसाला लागली, त्यात प्रिंटरचा वाटा फार मोठा आहे.

छापायची घाई होती म्हणून इथरनेट

आपण जिला ‘लॅनची वायर’ म्हणतो, त्या इथरनेटचा जन्मच मुळी प्रिंटरपायी झाला. स्थळ कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावची झेरॉक्स कंपनीची प्रयोगशाळा, ‘पार्क’. गॅरी स्टार्कवेदर यांनी तिथे लेझर प्रिंटर तयार केला होता आणि टेबलाटेबलावर आल्टो नावाचे कॉम्प्युटर येऊ घातले होते. प्रिंटर इंचाला ५०० ठिपके छापायचा. आता हिशेब करून बघा. अमेरिकी मापाच्या एका पानावर झाले सुमारे २ कोटी ३४ लाख ठिपके. सेकंदाला ९,६०० बिट नेणाऱ्या साध्या सीरियल केबलने ते पाठवायचे, तर एका पानाला ४० मिनिटं!

बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहून इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या जोडीने ती प्रत्यक्षात आणली. पहिल्या इथरनेटचा वेग होता सेकंदाला २९ लाख ४० हजार बिट. म्हणजे तेच पान आठ सेकंदांत. इथरनेट, आल्टो, अक्षरं घडवणारं यंत्र आणि लेझर प्रिंटर मिळून जी यंत्रणा झाली, तिला चौघांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून ‘इअर्स’ हे नाव पडलं. पन्नास वर्षांपूर्वीची ती गरज आणि आमच्या भिंतीतल्या भोकामागची गरज, दोन्ही अगदी एक: प्रिंटर एक, माणसं अनेक.

कॉम्प्युटरपेक्षा प्रिंटर ताकदवान

१९८५मध्ये ॲपलने लेझररायटर बाजारात आणला. किंमत ६,९९५ डॉलर. त्याच्या पोटातला प्रोसेसर १२ मेगाहर्ट्‌झचा, तर ज्या मॅकिंटॉशवरून त्याला हुकूम सुटायचे त्याचा जेमतेम ८चा. मेमरी प्रिंटरकडे दीड मेगाबाइट, मॅककडे फार तर अर्धा. त्या घडीला ॲपलच्या दुकानातला सगळ्यात दमदार कॉम्प्युटर म्हणजे हा प्रिंटरच होता.

एवढं महागडं यंत्र प्रत्येकाच्या टेबलावर कोण ठेवणार? म्हणून ॲपलने पहिल्यापासूनच ते वाटून वापरायची सोय केली. साध्या केबलने ३२ यंत्रं माळेसारखी जोडता येत. वेग सेकंदाला २ लाख ३० हजार बिटच, पण पत्रकं आणि अहवाल छापायला पुरेसा. पुढे फॅरॅलॉन या कंपनीने टेलिफोनच्या साध्या वायरवरून तेच काम करून दाखवलं. ॲपलच्या वापरकर्त्याला एक खिडकी उघडून प्रिंटरचं नाव निवडलं की झालं. पत्ते नाहीत, आकडे नाहीत. ही सोपी पद्धत मला आजही सर्वांत चांगली वाटते. २००२ साली ॲपलने तीच सोय इंटरनेटच्या पद्धतीने पुन्हा आणली. तिचं आजचं नाव बॉन्जूर.

उरलेल्या मालातून आलेला प्लग

जुन्या प्रिंटरच्या पाठीमागचा तो रुंद, दोन्ही बाजूंना तारेच्या खिट्ट्या असलेला ३६ पिनांचा सॉकेट आठवतो? सेंट्रॉनिक्स कंपनीने १९७०मध्ये आपला १०१ नंबरचा प्रिंटर काढला, त्याबरोबर तो आला. हाच प्लग का? तर सेंट्रॉनिक्स जिच्यातून निघाली त्या वँग कंपनीकडे एका कॅल्क्युलेटरसाठी आणलेले असे २०,००० कनेक्टर शिल्लक पडले होते. तेच वापरून टाकले! गोदामातला उरलासुरला माल पुढची तीस वर्षं जगभरच्या प्रिंटरांना पुरून उरला. आयबीएमने १९८१मध्ये पीसीच्या बाजूला २५ पिनांचा प्लग दिला आणि केबलची दोन टोकं कायमची वेगवेगळी झाली.

एप्सन हे नावही प्रिंटरच्याच पोटचं. टोकियोच्या १९६४च्या ऑलिम्पिकसाठी सेको समूहाने वेळ मोजून कागदावर छापणारं यंत्र बनवलं. त्या अनुभवातून १९६८मध्ये ईपी-१०१ हा चिमुकला प्रिंटर आला. त्या ‘ईपी’चे ‘सन’, म्हणजे पुढची लेकरं, म्हणून १९७५मध्ये नाव ठेवलं ‘एप्सन’.

खटका फिरवा, मगच छापा

नेटवर्क यायच्या आधी अनेक ऑफिसांत प्रिंटर वाटायचं साधन होतं डेटा स्विच: पत्र्याचा डबा, मागे केबली, पुढे ए आणि बी लिहिलेला खटका. ‘अहो, माझ्याकडे फिरवा जरा!’ ही हाक त्या ऑफिसांत दिवसभर चालायची. ना कार्ड, ना ड्रायव्हर. पण खटका विसरला की अख्खं काम अडायचं.

टी, टर्मिनेटर आणि आठ रंग

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासच्या लॅबमध्ये टीव्हीच्या केबलसारखी काळी, गोल वायर एका मशीनकडून दुसऱ्याकडे जायची. प्रत्येक मशीनमागे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा जोड. वायरीच्या दोन्ही शेवटांना ५० ओहमचं टर्मिनेटर नावाचं टोपण. एक वायर जास्तीत जास्त १८५ मीटर, तिच्यावर ३० मशीन. आणि एक मेख: मधल्या कुणाचाही जोड निखळला की सगळ्यांचं नेटवर्क बंद. झाडूवालीचा झाडू एका टीला लागला आणि पलीकडच्या टोकाच्या प्रिंटरवरची छपाई थांबली, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

घरात आली ती आठ तारांची, पारदर्शक प्लगची केबल. दोनच कॉम्प्युटर असतील तर हबचीही गरज नाही. फक्त केबल ‘क्रॉस’ हवी. ती बनवणं हे मला सगळ्यांत आवडणारं काम. वरचं आवरण दोन सेंटिमीटर सोलायचं. आतले चार पीळ उलगडायचे. मग तारा एका ओळीत लावायच्या: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. अंगठ्याने दाबून सपाट करायच्या, कात्रीने टोकं सारखी करायची, प्लगमध्ये शेवटपर्यंत सरकवायच्या आणि क्रिंपिंग टूल दाबायचं. ‘कट्ट’ असा आवाज आला म्हणजे आठही पात्या तारांत रुतल्या. दुसऱ्या टोकाला केशरी आणि हिरव्या जोडीची फक्त अदलाबदल करायची. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानाशी जावं, एवढाच त्या अदलाबदलीचा अर्थ.

गंमत म्हणजे सेकंदाला १० किंवा १०० मेगाबिटच्या या जोडणीत आठांपैकी चारच तारा काम करतात. निळ्या आणि तपकिरी जोड्या नुसत्या सोबतीला. आजच्या बहुतेक यंत्रांना साधी केबल लावली तरी ती आपली आपण अदलाबदल करून घेतात, म्हणून क्रॉस केबलची विद्या मागे पडली. पण दोन खरोखर जुने कॉम्प्युटर हबशिवाय जोडायचे असतील तर तिला पर्याय नाही.

पंधरा अक्षरांचं नाव, सोळावं गुपित

विंडोजच्या जुन्या नेटवर्कात कॉम्प्युटरचं नाव १५ अक्षरांपेक्षा मोठं ठेवता येत नाही. जागा खरं तर सोळांची. सोळावी जागा यंत्रणा स्वतःकडे राखून ठेवते आणि तिथे ‘हे मशीन वस्तू वाटतं’, ‘हे मशीन यादी सांभाळतं’ अशा खुणा लिहिते.

प्रिंटरला शेअर करताना द्यायच्या नावाचीही अट आहे, आणि ही माहीत नसल्यामुळे कित्येकांचे रविवार गेले आहेत. एक्सपी लांबलचक नाव आनंदाने घेतो. पण ते १२ अक्षरांपलीकडे गेलं, की विंडोज ९५ आणि ९८ला तो प्रिंटर वापरता येत नाही. डॉसच्या प्रोग्रॅममधून छापायचं असेल तर आठ अक्षरांत, मधे जागा न सोडता नाव ठेवा. माझं मत विचाराल तर ‘एप्सन’ किंवा ‘हॉल’ यापेक्षा मोठं नाव ठेवूच नये. नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह दिलं की प्रिंटर यादीतून दिसेनासा होतो, पण ज्याला नाव माहीत आहे त्याला तो वापरता येतो.

एक खोच वर्कग्रुपची, म्हणजे मशीनांच्या गटाची. एक्सपीच्या होम आवृत्तीत या गटाचं नाव आपोआप ‘एमएसहोम’ पडायचं, प्रोफेशनलमध्ये ‘वर्कग्रुप’. दोन मशीन एकाच केबलला, पण यादीत एकमेकांना दिसत नाहीत, याचं कारण बऱ्याचदा इतकंच असायचं. आणि एका वेळी किती जण आत येऊ शकतात, त्यालाही मर्यादा: होमला ५, प्रोफेशनलला १०. कुटुंबाला पाच भरपूर झाले.

तुमच्या घरात दर थोड्या वेळाने निवडणूक व्हायची

विंडोज ९८मध्ये डेस्कटॉपवर ‘नेटवर्क नेबरहूड’ असं चित्र होतं. त्यात दिसणारी शेजाऱ्यांची यादी कोण ठेवतं? घरात सर्व्हर तर नसतो. मग मशीनं आपापसांत निवडणूक घेतात. जिंकणारं मशीन यादी सांभाळतं. मतदान वगैरे नाही. ज्याची विंडोज वरच्या दर्जाची, तो निवडून येतो. विंडोज एनटी आणि एक्सपीच्या घराण्यापुढे ९५ आणि ९८ हरतात. बरोबरी झाली तर जे मशीन जास्त वेळ चालू आहे त्याची सरशी. यादी सांभाळणारं मशीन बंद केलं की पुन्हा निवडणूक.

निवडून आलेल्या मशीनला बाकीचे दर १२ मिनिटांनी ‘मी आहे’ असं कळवतात. सरळ बंद न करता कुणी प्लगच उपटला, तर तीन हाका चुकेपर्यंत, म्हणजे ३६ मिनिटं, त्याचं नाव यादीत राहतं. यादीची दुसरी प्रत ठेवणारं मशीन ती दर १५ मिनिटांनी ताजी करतं. बेरीज केली तर विझलेला कॉम्प्युटर ५१ मिनिटांपर्यंत यादीत जिवंत दिसू शकतो! मुलं म्हणायची, ‘बाबा, दिसतोय तर खरा, पण छापत का नाही?’ त्याचं उत्तर या हिशेबात आहे.

म्हणून यादीवर विसंबू नका. डावीकडे झुकलेल्या दोन तिरप्या रेघा, कॉम्प्युटरचं नाव, आणखी एक तशीच रेघ आणि प्रिंटरचं नाव, एवढं थेट टाइप करा. मशीन चालू असेल तर ते त्याच क्षणी सापडतं, निवडणुकीचा निकाल काहीही असो.

मराठीला या वायरीने दिलेली मोठी सोय

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट. विंडोज ९८ला देवनागरी कळत नव्हती. ती समज विंडोज २०००मध्ये, मंगल फॉन्टबरोबर आली. एक्सपीतही मूळ सीडी घालून एका चौकोनात खूण केल्याशिवाय जोडाक्षरं नीट उमटत नसत. तोवर आपण मराठी लिहिलं ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत, सी-डॅकच्या आयएसएममध्ये किंवा कुणीतरी फ्लॉपीवर दिलेल्या फॉन्टमध्ये. प्रत्येकाची आतली मांडणी निराळी. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की आमंत्रणपत्रिकेच्या जागी रोमन अक्षरं, टोप्या घातलेले स्वर आणि भलभलती चिन्हं. लग्नाच्या ऐन घाईत हा प्रकार ज्याने पाहिला आहे, त्याला तो जन्मभर विसरता येणार नाही.

शिवाय बऱ्याच मराठी पॅकेजांबरोबर हार्डवेअर लॉक यायचं: काडेपेटीएवढी डबी, प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचायची आणि तिच्या पाठीत प्रिंटरची केबल लावायची. लॉक एक, म्हणजे मराठी एकाच मशीनवर.

इथे शेअर केलेला प्रिंटर धावून आला. विंडोज ९८मधून नेटवर्कवर छापताना पान तयार होतं ते ज्याने हुकूम दिला त्याच मशीनवर. अक्षरांचे ठिपके किंवा प्रिंटरला कळणारी आज्ञा तिथेच बनते. केबलवरून जातं ते तयार पान, प्रिंटरचं मशीन ते फक्त पुढे सरकवतं. त्यामुळे प्रिंटर ज्या कॉम्प्युटरला जोडला आहे, त्यावर मराठी फॉन्ट नसला, पॅकेज नसलं, लॉक नसलं, तरी ळ, क्ष, ज्ञ आणि रफार जसेच्या तसे उमटतात. फ्लॉपी घेऊन धावण्यात जे कधीच भरवशाचं नव्हतं, ते वायरीने पहिल्याच दिवशी जमलं. मराठी लिहिणाऱ्या घराला इंग्रजी लिहिणाऱ्यापेक्षा या जोडणीचा लाभ जास्त झाला, असं मी ठामपणे म्हणेन.

आवाजावरून भाषाही ओळखता यायची. डॉट मॅट्रिक्सच्या पोटात इंग्रजी अक्षरं आधीच भरलेली, त्यामुळे डॉसमधलं इंग्रजी बिल भराभर निघायचं. देवनागरी मात्र चित्र म्हणून जायची. शिरोरेषेची पट्टी, मग मधली, मग उकारांची, असं करत एकेक ओळ दोन-तीन फेऱ्यांत विणली जायची. ९ पिनांच्या हेडवर अनुस्वार जाडजूड यायचा. २४ पिनांचं हेड असलं तर वेलांटीला तिचा बाक मिळायचा.

डॉसची समजूत

दुकानदारांकडे, डॉक्टरांकडे, सोसायट्यांच्या ऑफिसांत फॉक्सप्रोमधले डॉसचे प्रोग्रॅम वर्षानुवर्षं चालले. त्यांना नेटवर्क वगैरे माहीत नाही. त्यांना ठाऊक एलपीटी१, म्हणजे मशीनमागचा पोर्ट. मग त्यांना सांगायचं की एलपीटी१ म्हणजेच हॉलमधला प्रिंटर. ९८मध्ये ही सोय प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कॅप्चर प्रिंटर पोर्ट’ नावाने आहे, एक्सपीत ‘नेट यूज’ हा हुकूम आहे. एकदा ही जोड लावली की प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही की आपला कागद भिंतीपलीकडे निघतो आहे.

एक अडचण मात्र खरी. काही स्वस्त लेझर आणि इंकजेट प्रिंटर पानाचं सगळं गणित विंडोजवर सोपवतात. त्यांना नुसती अक्षरं पाठवली तर काहीच कळत नाही. असा प्रिंटर डॉसच्या कामाचा नाही, कितीही वायरी जोडा. जुन्या कामासाठी जुना प्रिंटर घ्यायचा तर एप्सनची किंवा एचपीची मूळ भाषा समजणारा घ्या.

सांबा नाचातून आला नाही

विंडोज मशीनं ज्या पद्धतीने फायली आणि प्रिंटर वाटतात तिचं नाव एसएमबी. ती मुळात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाउम यांनी तयार केली. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१च्या अखेरीस, वायरीवरून काय जातं-येतं ते बघत बघत, युनिक्सवर तिची जोडी बनवली. ठेवलेलं नाव आधीच दुसऱ्या कंपनीचं निघालं. तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरमधल्या शब्दयादीत एस, एम, बी ही अक्षरं ओळीने येणारे शब्द शोधले. हाताला लागला ‘सांबा’. आजही लिनक्सच्या मशीनवरचा प्रिंटर विंडोजला दिसतो तो याच सांबामुळे.

दुसरी गोष्ट अडकलेल्या कागदाची. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८०च्या सुमाराला झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला, सगळ्यांना मिळून एक. कागद अडकायचा आणि छपाईची वाट पाहणाऱ्यांना पत्ताच नसायचा. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी बदल करून ठेवला होता: कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅम त्यांना मिळू दिला गेला नाही. तो नकार त्यांच्या मनाला लागला. सप्टेंबर १९८३मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरची, ग्नूची घोषणा केली. त्या चळवळीच्या मुळाशी वाटून वापरलेल्या प्रिंटरचा हा अनुभव आहे.

‘लेटर’ कुठलं?

जुने एचपी लेझर प्रिंटर छोट्या खिडकीत ‘पीसी लोड लेटर’ असं लिहून हटून बसत. पीसी म्हणजे कागदाचा ट्रे, लेटर म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटरचा अमेरिकी कागद. आपल्याकडे ट्रेमध्ये ए४, म्हणजे २१० बाय २९७. शेअर केलेल्या प्रिंटरवर हा घोळ हमखास होतो, कारण कागदाचं माप प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळं लावावं लागतं. एका मशीनवरून छापतं, दुसऱ्यावरून छापत नाही? आधी तिथलं पेपर साइज बघा.

लिनक्सच्या मूळ प्रोग्रॅममध्ये तर ‘एलपी० ऑन फायर’, म्हणजे प्रिंटर पेटला आहे, असा निरोपही लिहिलेला आहे. प्रिंटर ‘काहीतरी बिघडलं’ म्हणतो, पण कागद संपलेला नाही आणि प्रिंटर ऑफलाइनही नाही, अशा वेळी तो उमटतो.

स्पूल म्हणजे रीळ

छापायच्या कामांची रांग लावणारा तो ‘स्पूलर’. स्पूल म्हणजे दोऱ्याचं रीळ. रांगेतलं पहिलं काम अडकलं की घरभरच्यांची कामं मागे तुंबतात आणि डिलीट करूनही ते जात नाही. एक्सपीवर उपाय सोपा: सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवा, विंडोजच्या सिस्टिम३२मधल्या स्पूल फोल्डरातला ‘प्रिंटर्स’ रिकामा करा, स्पूलर पुन्हा चालू करा. ज्या मशीनला प्रिंटर जोडला आहे तिथे हे करायचं, आपल्या मशीनवर नाही.

हसण्यावारी न्यायची नाही अशी गोष्ट

याच स्पूलरमधल्या एका भोकातून २०१०मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा व्हायरस एका मशीनवरून दुसऱ्यावर जायचा. त्याचं लक्ष्य होतं इराणचा अणुकार्यक्रम. २०२१मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने पुन्हा तिथेच मोठं भोक सापडलं, इतकं की मायक्रोसॉफ्टला जुन्या विंडोज ७साठीही दुरुस्ती काढावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटनंतर कित्येक घरांतले, दुकानांतले शेअर केलेले प्रिंटर बंद पडले. पडद्यावर यायचं: एरर ११बी. प्रिंटर ठणठणीत होता. नवं कुलूप जुन्या किल्लीने उघडत नव्हतं.

त्याआधी मे २०१७मध्ये वॉनाक्रायने जगभर धुमाकूळ घातला, तो एसएमबीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीतून. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून नव्या विंडोज १०मध्ये ती आवृत्ती मुळात बसवलेलीच नसते. ९८ आणि एक्सपीला तेवढीच येते. त्यामुळे नवा लॅपटॉप जुन्या मशीनला ओळख देत नाही. ती जुनी आवृत्ती पुन्हा चालू करायचा सल्ला पुष्कळ जण देतात. कृपा करून ऐकू नका.

सुरक्षित वाट वेगळी आहे. प्रिंटर कॉम्प्युटरवरून काढून प्रिंट सर्व्हर नावाच्या छोट्या डबीला लावा; पॅरलल पोर्टच्याही अशा डब्या सेकंडहँड बाजारात मिळतात. एचपीने १९९१मध्ये आपली जेटडायरेक्ट कार्डं आणली, तेव्हापासून रूढ झालेला ९१०० नंबरचा पोर्ट एक्सपीलाही कळतो आणि विंडोज ११लाही. किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर कप्स बसवा. मायकेल स्वीट यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम फुकट आहे, आणि सगळे मॅक त्याच्यावरच छापतात. ९८चं मशीन असेल तर त्याला इंटरनेट देऊच नका. फक्त दोन जुन्या मशीनांना आपसात बोलायचं असेल तर नेटब्यूई ही आयबीएमची १९८५ची पद्धत उत्तम: पत्ते भरावे लागत नाहीत आणि राउटरपलीकडे ती जाऊच शकत नाही. एक्सपीत ती आपोआप बसत नाही, पण मूळ सीडीवर ‘व्हॅल्यूॲड’ फोल्डरच्या आत ठेवलेली आहे.

आता एक विनंती. माळ्यावरचा प्रिंटर भंगारात द्यायच्या आधी नवी रिबन टाकून एकदा टेस्ट पेज काढून बघा. डॉट मॅट्रिक्स दहा-दहा वर्षं पडून राहूनही उठतात. आणि त्याच्या खोक्यात ड्रायव्हरची सीडी असेल, घरात एक्सपीची मूळ सीडी असेल, तर दोन्हींची प्रत आजच पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. यंत्र दुरुस्त करणारा अजून सापडतो. ती सीडी एकदा खराब झाली की दुसरी मिळत नाही.